बागुलबुवा कोणाच्या हातात?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व इथे केलेलं भाषण)

व्यासपीठावर बसलेले आपले सर आणि बाई, आणि समोर बसलेल्या, दहावीत करत होता त्याहून जास्त गडबड करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आयोजकांनी मला विषय सुचवला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, म्हणजे मला त्यातलं कळत असणार, असा त्यांचा गोड समज. पण त्या विषयावर आपल्याला रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या फोटोंबरोबर चार भाषणं फुकट मिळतात. पाचवं माझ्याकडून कशाला? म्हणून मी आज चेटकिणी, राक्षस, भुतं आणि मुलांना खायला निघालेले वाघ यांच्याबद्दल बोलणार आहे. म्हणजे ज्या गोष्टी ऐकताना अंगावर काटाही येतो आणि हसूही आवरत नाही, त्या गोष्टींबद्दल. मुलांना त्या इतक्या का आवडतात, आणि आपल्याला आई-बाप झाल्यावर त्यांची इतकी धास्ती का वाटते, एवढाच माझा प्रश्न आहे.

जागाही विषयाला साजेशी आहे. आठवतंय ना, आपण शाळेत होतो तेव्हा स्टेशनच्या या अंगाला काय होतं? शेतं, पाणथळ जमीन, मिठागरं. दिवेलागणीनंतर इकडे फिरकायचं नाही, अशी घराघरांतून ताकीद. कोणाला इथे पांढऱ्या साडीतली बाई दिसली होती, कोणाच्या काकांच्या सायकलवर मागे कोणीतरी येऊन बसलं होतं. ज्या जागेची आपल्याला भीती घातली, त्याच जागेसाठी आपल्यातल्या निम्म्यांनी पुढे वीस-वीस वर्षांचं कर्ज काढलं. ती पांढऱ्या साडीतली बाई आता कुठल्या विंगमध्ये राहते, देव जाणे. मेंटेनन्स मात्र वेळेवर भरत असेल!

तर आपण काय ऐकून मोठे झालो, ते आधी पाहू.

काऊ-चिऊची गोष्ट. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पावसात कावळ्याचं घर वाहून जातं. तो भिजत चिमणीच्या दारात उभा राहतो, आणि ती आतून सांगते की बाळाचं आवरतेय, थांब. बाळाचं आवरणं काही संपत नाही. काही घरांत गोष्ट तिथेच संपायची. काही घरांत चिमणी शेवटी दार उघडायची आणि गारठलेल्या कावळ्याला तापलेल्या तव्यावर बसवायची. आमच्या घरी तवा होता. आता बघा, एक जण बेघर झालाय, शेजारीण दार उघडत नाही, उघडलं तर चटका देते, आणि ही गोष्ट कोणाला सांगायची? दोन वर्षांच्या पोराला, वरणभाताचा घास भरवताना. आणि पोर हसत हसत घास गिळतं.

दुसरी, भोपळ्यातल्या म्हातारीची. म्हातारी लेकीकडे निघालीय. वाटेत वाघ भेटतो आणि म्हणतो, तुला खातो. म्हातारी घाबरून मरत नाही, ती वाटाघाटी करते. आत्ता माझ्या अंगावर मांस नाही, लेकीकडे खाऊनपिऊन येते, मग खा. वाघाला हा व्यवहार पटतो. परतताना ती भोपळ्यात बसून त्याच्या समोरून निघून जाते. आजी आणि मृत्यू यांच्यातली ही घासाघीस आहे. ऐकणाऱ्या मुलाला 'मृत्यू' हा शब्दही माहीत नसतो, पण खेळ काय चाललाय ते त्याला बरोबर कळतं.

तिसरा, वेताळ. 'चांदोबा' मासिक मराठीत १९५२ पासून निघत होतं, म्हणजे आपल्या हातात आलं तोवर त्याच्यावर आपल्या आई-बाबांची पिढी वाढून झाली होती. त्यात दर महिन्याला विक्रम राजा झाडावरचं प्रेत खांद्यावर टाकून स्मशानातून चालू लागायचा. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगायचा, शेवटी कोडं घालायचा. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याच्या ठिकऱ्या होतील, आणि बोललास तर मौन मोडल्यामुळे मी परत झाडावर. राजा दर महिन्याला बोलायचा, वेताळ दर महिन्याला परत झाडावर. मला नोकरी लागल्यावर कळलं की याला लूपमध्ये अडकणं म्हणतात. आमच्या प्रोजेक्ट मीटिंग पाहिल्या की मला अजून तो राजा आठवतो. शंकर नावाच्या चित्रकाराने काढलेलं ते चित्र, एका हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत, माझ्या पिढीतल्या कोणालाही डोळे मिटून दिसेल. आणि हे मासिक कुठे मिळायचं? दातांच्या डॉक्टरांकडे, केस कापायच्या दुकानात, म्हणजे जिथे आधीच पोटात गोळा आलेला असायचा तिथे.

विंदा करंदीकरांनीही मुलांसाठी 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' लिहिलं. ज्ञानपीठ मिळालेला कवी, आणि मुलांना ओळख करून देतोय ती भुताटकीच्या घरातल्या मावशीची. 'मावशी' या शब्दात किती गंमत आहे बघा. भूतसुद्धा नात्यातलं.

या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते रत्नाकर मतकरी. सुधा करमरकर यांनी अमेरिकेत मुलांच्या रंगभूमीचा अभ्यास केला आणि १९५९ मध्ये मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केलं. त्यांच्यासाठी मतकरींनी 'मधुमंजिरी' हे नाटक लिहिलं. पुढे १९६२ मध्ये मतकरी आणि प्रतिभाताई मतकरी यांनी स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' ही त्यांची नाटकं. विशेष म्हणजे हा माणूस तेव्हा बँक ऑफ इंडियात नोकरी करत होता. दिवसा लोकांची खाती, आणि उरलेल्या वेळात राक्षस. आपल्यापैकी जे बँकेत आहेत त्यांना यात काही वेगळं वाटणार नाही.

'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण ही मराठी मुलांच्या नाटकातली बहुधा सर्वांत लाडकी खलनायिका. सुरुवातीच्या काळात ती दिलीप प्रभावळकर करायचे. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले चिंची झाले. मोबाइलमध्ये जगातलं सगळं कार्टून ज्यांना फुकट मिळतं, त्या मुलांनी नाट्यगृहं भरली. मी माझ्या मुलीला घेऊन गेले होते, तेव्हा ती सात वर्षांची होती. चेटकीण आल्यावर तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. आणि दहाव्या मिनिटाला हीच मुलगी खुर्चीवर उभी राहून चेटकिणीला ओरडून उलट उत्तर देत होती. अख्खं थिएटर देत होतं. चेटकीण प्रेक्षकांना दटावतेय, पोरं तिला दटावतायत. ती दुष्ट आहे, पण तिला स्वतःच्या हुशारीचा भलताच गर्व आहे, आणि तिचे बेत सारखे फसतात. म्हणजे ती मुलांना घाबरवते, आणि लगेच त्यांच्या हातात सापडते.

घरी येताना विरार लोकलमध्ये मी मुलीला विचारलं, "भीती वाटली का गं?" ती म्हणाली, "हो, खूप. परत कधी जायचं?"

माझा आजचा मुद्दा या तिच्या वाक्यात आहे.

आपल्याला लहानपणी दोन प्रकारची भीती मिळाली. एक बागुलबुवाची. झोप, नाहीतर बागुलबुवा येईल. जेव, नाहीतर बुवाजी पिशवीत घालून नेईल. या बागुलबुवाला ना रूप, ना चेहरा, ना गोष्ट. तो कधी फसत नाही, कधी घसरून पडत नाही, त्याच्यावर कोणी हसत नाही. तो मोठ्यांच्या हातातला आहे. मुलाने गप्प बसावं म्हणून मोठी माणसं त्याला बाहेर काढतात आणि काम झालं की परत ठेवतात.

दुसरी भीती चिंचीची, वेताळाची, भोपळ्यासमोरच्या वाघाची. हिला रूप आहे, नाव आहे, खोडी आहे. हिला सुरुवात आहे आणि शेवट आहे. ही मुलाच्या हातात दिलेली असते. पुस्तक मिटता येतं, परत उघडता येतं, "परत सांग" म्हणता येतं, चेटकिणीची नक्कल करता येते. आणि यात सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हसता येतं. जो आपल्यावर हसू देतो तो पूर्ण बागुलबुवा उरतच नाही.

आता आपण आई-बाप झालो. आपण मोठ्या जबाबदारीने ही दुसरी भीती घरातून काढून टाकली. कावळ्याचं घर वाहून जात नाही, चिमणी लगेच दार उघडते आणि दोघं गरम सूप पितात. वाघ म्हातारीशी मैत्री करतो. पण पहिली भीती? ती ठेवली, उलट वाढवली. पोलीसकाका येतील. डॉक्टर इंजेक्शन देतील. नव्वद टक्के पडले नाहीत तर काय होणार आहे तुझं? बाहेर किती स्पर्धा आहे, माहितीये? या बागुलबुवाला तर वयाची अटही नाही, तो बारावीपर्यंत पुरतो. म्हणजे मुलांच्या आयुष्यातली भीती आपण कमी केली नाही, फक्त तिच्यातलं हसू तेवढं काढून घेतलं.

हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या इमारतीच्या जिन्यात कळलं.

जुलै २०१८ आठवतो का? वसईत पाणी भरलं, लोकल बंद पडल्या, वीज गेली ती आमच्याकडे दोन दिवस आलीच नाही. तळमजल्यावरच्या घरांत गुडघाभर पाणी. ती कुटुंबं वरच्या मजल्यांवर ज्याच्या त्याच्या ओळखीने राहायला आली. मोबाइल बंद, टीव्ही बंद. संध्याकाळी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात मेणबत्ती लावून दहा-बारा मुलं बसली आणि गोष्ट सांगा म्हणून मागे लागली. मराठी, गुजराती, उत्तर भारतीय, सगळी होती. मला पटकन आठवली ती काऊ-चिऊ. सुरुवात केली आणि मनात आलं, यातल्या दोघांची घरं आत्ता खाली पाण्यात आहेत. आपण काय सांगतोय? मी घर वाहून जायच्या आधी जरा अडखळले. तर त्या दोघांतलाच एक, सहा-सात वर्षांचा, म्हणाला, "काकी, त्याचं घर शेणाचं होतं, वाहूनच जाणार. आमचा फ्रिज पण तरंगतोय." सगळी मुलं फिसकन हसली. तोही हसला. मग त्याने गोष्ट माझ्या हातून काढूनच घेतली. त्याच्या गोष्टीत कावळा चिमणीच्या दारात नुसता उभा राहिला नाही, त्याने सेक्रेटरीकडे तक्रार केली. चिमणीने एकेक कारण सांगितलं की मुलं एका सुरात ओरडायची, "खोटं!" त्या रात्री तो मुलगा आमच्याकडेच झोपला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा रडला नाही, असं त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं.

दुसरा प्रसंग २०२१ च्या पावसाळ्यातला. करोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि मुलांना नुकतं जिन्यापर्यंत खेळायला सोडलं होतं. आमच्या विंगमधल्या एका नऊ वर्षांच्या मुलाची आजी त्या एप्रिलमध्ये गेली होती. रुग्णवाहिका आली, आजी उतरून गेली, परत आली नाही. त्याला सांगितलं होतं, आजी गावाला गेलीय. सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. फक्त कोणी बोलत नव्हतं.

एका दुपारी जिन्यात मोठा हशा ऐकू आला म्हणून मी दार उघडलं. दोन मुलं रेनकोट उलटे घालून रुग्णवाहिकेतली माणसं झाली होती. आणि हा मुलगा अंगावर चादर घेऊन आजी झाला होता. माणसं न्यायला आली की आजी उठून बसायची. "आत्ता नको, वजन कमी आहे माझं. दोन महिन्यांनी या." माणसं परत जायची, परत यायची. "आत्ता नको, कुकर लावलाय." परत जायची. "आत्ता नको, सिरियल संपू दे." प्रत्येक वेळी सगळी पोरं लोटपोट. भोपळ्यातल्या म्हातारीची ती घासाघीस त्याच्या आजीनेच त्याला कधीतरी सांगितली असणार. पाच-सहा फेऱ्या झाल्या. मग रेनकोटवाला म्हणाला, "आजी, आता चला." आणि हा जरा थांबून म्हणाला, "बरं, चला." आणि चादर डोक्यावरून घेऊन पडून राहिला. कोणी हसलं नाही. मग दोन मिनिटांनी उठला आणि म्हणाला, "आता तू आजी हो."

समोरच्या दारात त्याची आई उभी होती. तिच्या बाजूच्या बाईंनी मुलांना रागवायला तोंड उघडलं होतं, तिने हाताने थांबवलं. त्या रात्री तिने मुलाला आजीबद्दल सगळं खरं सांगितलं. नंतर मला म्हणाली, "मी सांगत होते तेव्हा तोच माझी पाठ थोपटत होता."

मी इंजिनिअर आहे, म्हणून मला हे माझ्या भाषेत असं कळतं. आम्ही कुठलंही सॉफ्टवेअर लोकांच्या हाती देण्यापूर्वी ते एका वेगळ्या जागी चालवून बघतो. तिथे मुद्दाम वाईट वागतो. सर्व्हर बंद पाडतो, चुकीचे आकडे भरतो, एकाच वेळी हजार माणसांचा लोंढा सोडतो. आपली विरार फास्टच म्हणा ना. तिथे काही कोसळलं तरी कोणाचे पैसे बुडत नाहीत. कुठे कोसळतं ते कळतं, आणि सावरायचं कसं तेही कळतं. जे सॉफ्टवेअर कधीच पडलेलं नाही त्याच्यावर आमचा विश्वास नसतो. जे पडून उठलंय त्याच्यावर असतो. मुलांसाठी ही गंमतीची, काळी गोष्ट म्हणजे तीच वेगळी जागा. तिथे घर वाहून जातं, आजी जाते, मोठी माणसं लबाड निघतात. कोणाला खरी इजा होत नाही, आणि मूल बघून घेतं की आपण कुठे हलतो.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. जर्मनीत फ्रँकफर्टला हाइनरिश हॉफमन नावाचे डॉक्टर होते. १८४४ च्या नाताळला तीन वर्षांच्या मुलासाठी त्यांना मनासारखं पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी कोरी वही आणून स्वतःच लिहिलं आणि चित्रं काढली. १८४५ मध्ये ते छापून आलं. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे एक शिंपी येऊन मोठ्या कात्रीने कापून टाकतो! वर वर बघितलं तर हा चक्क बागुलबुवा. पण सगळं इतकं अवाच्या सवा आहे की मुलांनी ते धाक म्हणून घेतलंच नसावं. पुढच्या कित्येक पिढ्यांनी ते आवडीने वाचलं.

रोआल्ड डाल यांचं १९८३ चं 'द विचेस' घ्या. त्यात चेटकिणी एका मुलाचा उंदीर करतात, आणि पुस्तक संपतं तरी तो उंदीरच राहतो. सिनेमावाल्यांनी १९९० मध्ये त्याला परत माणूस केलं, ते डाल यांना अजिबात आवडलं नव्हतं. कारण पुस्तकात शेवटी तो मुलगा आजीला विचारतो की उंदीर किती वर्षं जगतो. आजीही म्हातारी, आणि उंदराचं आयुष्यही थोडं. त्याला त्याचा आनंदच होतो, की आजीनंतर आपल्याला फार काळ एकट्याला राहावं लागणार नाही. मी हे माझ्या मुलीला वाचून दाखवत होते, आणि माझाच आवाज फुटेना. ती म्हणाली, "दे, मी वाचते."

फेब्रुवारी २०२३ मध्ये बातमी आली की पफिन या प्रकाशनाने डाल यांच्या पुस्तकांतले शेकडो शब्द बदलून मवाळ केले. जाड्याला जाडा म्हणायचं नाही, वगैरे. इतका आरडाओरडा झाला की आठवड्याभरात त्यांना मूळ आवृत्तीही छापत राहू, असं जाहीर करावं लागलं. डाल यांची सगळीच मतं मला पटत नाहीत, आणि शब्दांनी माणसं दुखावतात हेही खरं आहे. पण मुलांना आवडतो तो शब्दांतला चावा नाही. मोठी माणसंही दुष्ट, मूर्ख आणि अन्यायी असू शकतात, हे तिथे कोणीतरी त्यांना सरळ सांगतं. घरात आणि शाळेत त्यांना ते उघडपणे कोणी सांगत नाही. सर, बाई, तुमचा अपवाद धरून बोलतेय!

आता आमच्या सोसायटीतली गोष्ट. सोसायटीच्या ऑफिसात मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट आहे. किल्ली वॉचमनकाकांकडे, नोंदवही माझ्याकडे. गेल्या दिवाळीत ग्रुपवर एका आईचा मेसेज आला. तिच्या मुलाने डाल यांचं 'जॉर्जेस मार्व्हलस मेडिसिन' नेलं होतं. त्यात एक मुलगा खडूस आजीसाठी शांपू, रंग, इंजिन ऑइल, जनावरांची औषधं असं सगळं एका भांड्यात उकळतो आणि तिला पाजतो. आजी वाढत वाढत छप्पर फोडून वर जाते, आणि शेवटी आक्रसून नाहीशीच होते. आईचा प्रश्न होता, "यातून मुलांवर काय संस्कार होणार?" खाली पंचवीस अंगठे. त्यात दोन सासूबाईही होत्या.

मीटिंग झाली. मी कोणाला उपदेश केला नाही. काळजी खरी होती, घरातल्या बाटल्या खऱ्या असतात. मी फक्त म्हटलं की मुलांनाही बोलवू. ज्याने पुस्तक नेलं होतं तो आठ वर्षांचा मुलगा उभा राहिला. त्याला कोणीतरी विचारलं, "तू आजीला असं औषध देशील का?" त्याने अशा नजरेने बघितलं, जणू आम्हालाच वाचता येत नाही. म्हणाला, "माझी आजी चांगली आहे. त्याची वाईट होती. आणि ते खोटं आहे. खरं असतं तर डॉक्टरांना नसतं का सुचलं?"

पुस्तक कपाटात राहिलं. आम्ही नियम दोनच केले. एक, कुठलंही पुस्तक भीतीदायक आहे म्हणून काढायचं नाही, पण ज्यात दुबळ्याची, अपंगाची, गरिबाची, कोणाच्या जातीची टवाळी करून हसवलंय, ते ठेवायचं नाही. मोठ्यावर, बलवानावर, चेटकिणीवर, राक्षसावर हसायचं ते हसू वेगळं, आणि लहानाला आणखी लहान करणारं हसू वेगळं. मोबाइलवर धडपडणाऱ्या माणसांचे जे व्हिडिओ फिरतात ते दुसऱ्या जातीचे. दोन, जे मूल मध्येच म्हणेल "बस, पुढे नको", त्याला कोणी भित्रा म्हणायचं नाही. भीती मुलाच्या हातात द्यायची तर पुस्तक मिटायचा हक्कही त्याच्याच हातात हवा. काही मुलांना वेताळ आठव्या वर्षी झेपतो, काहींना बाराव्या. ते मुलालाच कळतं.

शेवटी थोडं आपल्याबद्दल. आपल्या मराठीच्या बाई समोर बसल्यात. पावसाळ्यात ऑफ तासाला वर्गात अंधारून आलं की आपण गोष्ट मागायचो आणि बाई भुताची सांगायच्या. मागच्या बाकावरचे वाघ पुढच्या बाकावर सरकायचे, हे मी नावं न घेता सांगते. नेमक्या ठिकाणी घंटा व्हायची आणि बाई खडू ठेवून निघून जायच्या. तेव्हा वाटायचं बाई छळतात. आज कळतं की त्या पुढचा भाग आमच्यावर सोपवून जायच्या. डबा खाताना आम्ही त्या गोष्टीचे पाच शेवट करायचो, आणि प्रत्येक शेवटात भुताची आणखी फजिती. पुढे आपल्यापैकी कोणाच्या घरी आजारपण आलं, कोणाचा धंदा बसला, आपल्या बॅचमधले तिघे आज फोटोतच आहेत. या सगळ्या काळात आपल्या ग्रुपवर जे विनोद झाले, ते बाहेरच्या कोणी वाचले तर म्हणेल ही माणसं किती निष्ठुर आहेत. आपल्याला माहीत आहे की ते काय होतं. बाई, ते तुमच्या ऑफ तासाला शिकलेलं होतं.

म्हणून माझी एकच विनंती आहे. आपली बहुतेकांची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांना परदेशी चेटकिणींची नावं पाठ आहेत, पण भोपळ्यातली म्हातारी माहीत नाही. आज घरी गेल्यावर पोरं कितीही मोठी असोत, त्यांना ती सांगा. कावळ्याचं घर वाहून जाऊ द्या. तुमच्या घरी तवा असेल तर तवाही ठेवा. मध्येच गोड करू नका. मूल घाबरलं तर जवळ बसा, हसलं तर बरोबर हसा, आणि त्याने गोष्ट तुमच्या हातातून काढून घेतली, तर घेऊ द्या.